पूजेला बसलेला जॅक

ट्रॉली जॅक कसा निवडावा, हे मला विचारा. साताऱ्यातली चार दुकानं मी अशी पालथी घातली, की सोयरीक जुळवणाऱ्यानंही एवढी घराणी बघितली नसतील. दोन टनी की तीन टनी, गाडीच्या पोटाखाली शिरतो का, चालीला कसा आहे... शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, गाडी उचलायचीय का जॅकला लेक द्यायचीय?"

दोन टनी, शेंदरी रंगाचा, बुटका पण रुंद खांद्याचा गडी मी वाईला घरी आणला. कारणच तसं होतं. लेक स्वप्नाली सांगलीत, विश्रामबागेत बाळंत झालेली. दुपारी दोनला दवाखान्यातून सुट्टी. पाच दिवसांची नात पहिल्यांदा आजोळी येणार, तर गाडीचे ब्रेक पॅड मी माझ्या हातानं बदलणार होतो.

सकाळी अंगणात जॅक समोरून गाडीखाली सरकवला, दांडा हाणला. हार घालून घ्यायला मान उचलावी तसं गाडीचं तोंड अलगद वर आलं. दहापर्यंत पॅड बदलले, चाकं बसवली, नट आवळले. आता फक्त गाडी खाली टेकवायची. हात धुवायला आत गेलो.

बाहेर येतो तर जॅकला हळदकुंकू, दांड्याला झेंडूची माळ, पुढं उदबत्ती. रंगूआत्या हात जोडून बसलेली.

"आत्या, हे काय?"

"खंडेनवमी न्हाई का आज? घरातली समदी हत्यारं पुजली. ह्येच तेवढं ऱ्हायलं हुतं."

"बरं केलंस. आता सरक, गाडी उतरवतो."

"हात लावू नगंस. पुजलेलं हत्यार दसऱ्याबिगार हालत न्हाई."

"अगं, तिकडं पोर वाट बघतीय."

"माझी न्हाई व्हय ती पोर? पर येवढ्याशा जिवाला आणायला निघालास, आन् देवाला ढकलून जातूस?"

बायको सुला दारातून म्हणाली, "दुकानं चार बघितली, तसं एकदा कॅलेंडर बघायचं."

शेजारी फौजेतून आलेले लालासाहेब राहतात. धावत गेलो. "तुमचा जॅक द्या, नाहीतर जीप तरी."

"गड्या, जॅक पाटावर हाय आन् जीपला हार घातलाय. चावी मालकिणीनं देवापुढं ठिवलीया. तिथं आपलं कमांडिंग चालत न्हाई."

तेवढ्यात स्वप्नालीचा फोन. "बाबा, निघालात? बाळाला टोपडं घातलंय."

"निघालोच," मी म्हणालो. गाडीची दोन चाकं अजून हवेत होती.

वाट तीन तासांची, आणि अकरा वाजत आलेले. शेवटी हात टेकले. "आत्या, मग तूच कौल लाव."

आत्यानं जॅकच्या खांद्यावर एक फूल ठेवलं. "पडलं तर जायाचं." आणि डोळे मिटून म्हणू लागली,

पोलादाच्या राजा, किती सोसशील भार
चिमणी येती माझी, तिला उघड रं दार

दुसरी ओळ संपली आणि जॅकनं बारीकसा सुस्कारा सोडला. गाडी बोटाबोटानं खाली येऊ लागली. फूल घरंगळलं. चाकं जमिनीला टेकली. कुणी हात लावला नव्हता.

"दिला कौल," आत्या म्हणाली. मागोमाग आलेल्या लालासाहेबांनी टोपी काढली.

मला मात्र हळदीखालून तेलाचा ओघळ दिसला. जॅकचं आतलं रबरी सील गेलं होतं, म्हणून तो बसला होता. तासाभरापूर्वी माझा हात कुठं होता ते आठवलं. गाडी सरळ मागं घेतली. जॅक हारतुऱ्यासकट जागच्या जागी राहिला.

विश्रामबागेत सव्वादोनला पोचलो. संध्याकाळी नात आत्याच्या मांडीवर गाढ झोपली, तेव्हा कुठं माझा जीव जागेवर आला.

दसरा झाल्यावर दुकानदाराला फोन केला. भला माणूस. म्हणाला, "काका, घेऊन या, लगेच बदलून देतो."

आता नेऊ कसा? आत्यानं त्याला धुऊनपुसून देवघरात बसवलाय, आणि रोज बाळाला त्याच्या पायावर घालतीय.