फुल्विओचा चमचा

जत्रेतल्या तोर्तेल्लिनी स्पर्धेचं यंदाचं बक्षीस, तो निळा अ‍ॅप्रन आपल्याच गळ्यात पडणार, असं एर्सिलियाने अर्ध्या मोडेना शहराला सांगून ठेवलं होतं. तोर्तेल्लिनी म्हणजे सारण भरून मुडपलेल्या इवल्याशा पुड्या. सुपाच्या एका चमच्यात सात मावल्या तरच त्या खऱ्या. एर्सिलियाच्या आठ मावत!

नेमका जत्रेला धाकटा भाऊ फुल्विओ बँकॉकहून टपकला. तिकडे त्याची चार हॉटेलं, टीव्हीवर कार्यक्रम, अख्ख्या थायलंडला इटालियन जेवायला शिकवल्याचं पदक. त्याला कणीक मळायला शिकवली एर्सिलियाने. तोही प्रत्येक मुलाखतीत हे आवर्जून सांगायचा, म्हणून तर तिचा जास्तच जळफळाट व्हायचा. मेल्याने नावं ठेवायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

स्पर्धेच्या सकाळी तिने फुल्विओच्या ताटलीशेजारचा चमचा काढला आणि आईच्या खणातला एक चिमुकला चमचा तिथे ठेवला. त्यात तीनच्या वर मावणार नव्हत्या.

"ताई, तू इकडे बस, आईजवळ," फुल्विओ म्हणाला.

"मी इथेच बरी आहे."

"थोरलीचा मान आहे तो. ऊठ बघू."

त्याने ताटल्यांची अदलाबदल केलीसुद्धा. चमचे मात्र जागच्या जागी राहिले. तेवढ्यात परीक्षक ओरेस्तेकाका चष्मा पुसत आले.

"एर्सिलियाच्या तीन. फुल्विओच्या सात."

"काका, आधी चमचा बघा की!" एर्सिलियाच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांनी बघितला. आईने तो हातात घेतला.

"अगं बाई, हा तर फुल्विओचा! दात येताना चावायचा तो. इथे कसा आला?"

फुल्विओचे डोळे भरून आले.

"ताई, माझ्यासाठी आणलास? मोजणीत स्वतः हरले तरी चालेल म्हणून?"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ओरेस्तेकाका पुन्हा मोजायला निघाले होते, पण तोवर तेही रडायला लागले. अ‍ॅप्रन फुल्विओला मिळाला. एर्सिलियाचा पेपरात फोटो आला, खाली 'बहिणीची माया'.

पुढे बँकॉकला फुल्विओचं पाचवं हॉटेल निघालं, 'ताईचा चमचा'. फीत कापायला अर्थातच ताई. परत आल्यावर आईने विचारलं, "कशा होत्या गं त्याच्या तोर्तेल्लिनी?"

"चमच्यात नऊ मावतात आता."

आईचा चेहरा फुलला. ते काही एर्सिलियाला बघवेना.

"चमचेच मोठे ठेवलेत मेल्याने," ती म्हणाली.