थर्मासच्या मधलं काहीच नाही

एका जंगलात, बाळांनो, राजाला चहाचं वेड होतं. पण स्वयंपाकघर ओढ्याकाठी आणि दरबार टेकडीवर. वर पोचेपर्यंत चहा गार व्हायचा. मग शेजारच्या जंगलातून दोन थर्मास भेट आले आणि सिंहमहाराजांना दुपारपर्यंत वाफाळता चहा मिळू लागला.

महाराज खूश झाले. मग लगेच त्यांना वाईट वाटलं. "असा आपल्याकडे का बनत नाही? पौर्णिमेपर्यंत बनवा. याहून चांगला. नाहीतर कारखान्याला टाळं लावतो."

कारखान्यात शेवंता नावाची साळू होती. कुठलीही वस्तू उघडून बघायची तिला भारी हौस, आणि काट्यांमुळे हत्यारं अंगावरच. आवारातच तिचं बीळ होतं, बिळात तीन पिल्लं. टाळं लागलं तर त्यांना घेऊन जायचं कुठे?

तिने एक थर्मास उघडला. बाहेर पत्रा, आत काचेची बाटली. बाटलीला दोन भिंती. खालचं टोक मोडलं तर फुस्स करून हवा आत गेली. म्हणजे इतका वेळ मध्ये हवासुद्धा नव्हती. शेवंता चार दिवस विचार करत बसली. पाचव्या दिवशी तिला हसू फुटलं.

"साहेब, मध्ये काहीच नाही," ती कारखानाप्रमुख रानडुकराला म्हणाली. "म्हणून तर उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. सगळं काम ते ‘काहीच नाही’च करतं."

"शेवंताबाई, मी दरबारात काय सांगू? की आम्ही महिनाभर खपून काहीच नाही बनवलं?"

"खरं तर तेच बनवायचंय, साहेब."

"शेजाऱ्यांनी जागा वाया घालवली. आपण ती भरू. याला सुधारणा म्हणतात."

कुठल्याही मोठ्या कामात चिमूटभर तरी आपली माती घालायची, अशी त्या जंगलाची रीत होती. इथे तर चांगली ऐसपैस जागा मिळाली. नव्या थर्मासच्या दोन भिंतींमध्ये ओढ्याची माती ठासून भरली गेली.

पौर्णिमेच्या सकाळी दोन अस्वलांनी तो उचलून दरबारात आणला. महाराजांनी घोट घेतला. चहा गारढोण. शेवंताने डोळे मिटले. तिला पिल्लं दिसली.

"वजनदार आहे," महाराज म्हणाले.

"शिवाय जीभ भाजत नाही," कोल्हा प्रधान म्हणाला. "शेजाऱ्यांना हे जमलं नव्हतं, महाराज."

टाळ्या पडल्या. डुकराला बढती मिळाली. कारखाना वाचला, बीळही वाचलं. शेवंता पिल्लांना कुशीत घेऊन रडली. आनंदाने की संतापाने, तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवसापासून तिला नवं काम लागलं. शेजाऱ्यांचा उरलेला थर्मास गरम चहाने भरायचा आणि मागच्या वाटेने महाराजांच्या गुहेत पोचवायचा. पिशवीत काय आहे असं कोणी विचारलं, तर काहीच नाही म्हणून सांगायचं.

तात्पर्य : बाळांनो, वस्तू उघडून जरूर बघा. समजली, तर मात्र कोणाला सांगू नका. आणि आत काहीच नसताना एखादी गोष्ट वर्षानुवर्षं छान चाललेली दिसली, तर तो थर्मास आहे की दरबार, एवढं आधी पाहून घ्या. थर्मास असेल तरच हात लावा.