ठोकळा ठेवायचा की काढायचा?

सुताराच्या लेकीचा पहिला कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता आणि सकाळी दहा वाजता तिच्याकडे गिटारच नव्हती. आतेभावाची इलेक्ट्रिक गिटार ती वर्षभर वाजवत होती, ती त्यानं नेमकी आदल्या दिवशी परत नेली. कॉलेजला पळता पळता लेक म्हणाली, "बाबा, स्वस्तातल्या दोन बघून ठेवल्यात. एक फिक्स्ड ब्रिजची, एक फ्लोटिंग. महिना झाला, मला ठरवता येत नाहीये. तुम्हीच आणा. जी आणाल ती चालेल."

'जी आणाल ती चालेल' हे ज्यानं एकदा ऐकलंय, त्याला पुढचं सांगायला नको. सुतार दुकानात गेला.

"ब्रिज म्हणजे ही पट्टी," दुकानदार म्हणाला. "तारा हिच्यात अडकवतात. फिक्स्ड म्हणजे घट्ट बसवलेली. फ्लोटिंगला मागून स्प्रिंगा असतात. हा दांडा दाबला की सूर लहरतो."

"म्हणजे ही पट्टी हलते?"

"हलायलाच हवी."

"आणि ती?"

"ती हलता कामा नये."

"मग चांगली कुठली?"

"दोन्ही चांगल्या, काका! ती सुरात राहते, ही मजा देते."

सुतार चक्रावलाच. तीस वर्षं त्यानं खुर्च्या केल्या होत्या. खुर्ची हलली की गिऱ्हाईक ओरडतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं फिक्स्डला हात घातला. मग वाटलं, पोरीचं वय मजा करायचं, आपला घट्टपणा तिच्या गळ्यात कशाला? हात फ्लोटिंगकडे गेला, परत फिक्स्डकडे आला. शेवटी दुकानदारच जेवायला निघाला, तेव्हा हातात होती ती फ्लोटिंग घेऊन सुतार बाहेर पडला.

घरी आल्यावर त्याला हुरूप आला. पोर येईपर्यंत सुरात लावून ठेवू! मोबाइलवर काटा दिसतो, तो मधोमध आला की तार सुरात, हे त्यानं लेकीला करताना पाहिलं होतं. पहिली तार पिळली, काटा मधोमध. दुसरी पिळली, तीही मधोमध. पण पहिली उतरली! पहिली पुन्हा चढवली, तर दुसरी उतरली. हलणाऱ्या स्टुलाचा एक पाय तासावा, मग दुसरा लांब वाटावा, आणि शेवटी स्टुलाचा पाट व्हावा, तसला प्रकार. तासाभरात ती पट्टी उघड्या झाकणासारखी वर आली.

"वाजतंय का काही, की नुसतं पिळताय?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुला यातलं कळायचं नाही!" सुतार खेकसला. त्याला स्वतःलाही काही कळत नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

पाचला लेक येणार. शेवटी सुतारातला सुतार जागा झाला. त्यानं पाठीमागचं झाकण काढलं, पट्टी दाबून सपाट केली, स्प्रिंगांजवळच्या फटीत मापानं तासलेला लाकडी ठोकळा ठोकून बसवला. पट्टी जागच्या जागी थिजली. तारा एकेक करून सुरात आल्या आणि तिथंच राहिल्या.

लेक आली, दांडा दाबला. ढिम्म. तिनं गिटार उलटी केली.

"बाबा, हा ठोकळा?"

"बिघडवली गं मी," सुतार म्हणाला. "हलत होती म्हणून... तुझा पहिला कार्यक्रम आणि मी माती केली."

"माती काय! ठोकळा घातला की फिक्स्ड, काढला की फ्लोटिंग! बाबा, तुम्ही दोन्ही आणल्यात!" लेक नाचायलाच लागली. मग एकदम थांबली. "पण मग... आज ठोकळा ठेवायचा की काढायचा?"

"तू सांग."

"ठेवू या. नाही, काढू या. शेवटच्या गाण्यात लहर आहे. पण सूर गेला तर? बाबा, तुम्हीच ठरवा ना!"

"पुन्हा मीच?"

साडेपाच वाजले तरी बापलेक ठोकळ्याकडे बघत उभे. मग स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली.

"राहू द्या तो ठोकळा! पोरीचे हात आधीच थरथरतायत, वर त्या पट्टीनं कशाला थरथरायचं?"

लेकीनं हात पुढे धरून पाहिले. खरंच थरथरत होते. इतका वेळ हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. सुतारानं झाकण आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"द्या इकडे, मी लावते," आई म्हणाली. "तुमचे तर तिच्याहून जास्त थरथरतायत."