अंगावरचं कोणी तपासत नाही

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी टेलरमास्तरांनी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावरची पिशवी उघडली आणि आतून गुलाबी रंगाची लेगिंग बाहेर आली.

मास्तरांनी ती उलटून पाहिली, सुलटून पाहिली. ना बटण, ना काज, ना अस्तर. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पायाखालची जमीन सरकली.

"सूनबाई! माझा कोट कुठाय?"

सूनबाई आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. तिने आवाज बंद केला आणि मान बाहेर काढली. "कोणता कोट, बाबा?"

"प्राचार्यांचा! इथे पिशवीत घालून ठेवला होता."

"पिशवीत? अहो, ती पिशवी आत्ताच रिटर्नवाला घेऊन गेला. मी नुसतं बोट दाखवलं, 'ती घ्या' म्हटलं... अगं बाई! ती तुमची होती?"

आता यात चूक कोणाची? खरं सांगायचं तर मास्तरांचीच. सूनबाई घरबसल्या तीन कपडे मागवायची, एक ठेवायची, दोन परत पाठवायची आणि परतीची पिशवी याच कपाटावर ठेवायची. मास्तरांना हा सगळा प्रकार डोळ्यासमोर नको होता. "हे काय कपडे म्हणायचे? एका धुण्यात बाराच्या भावात जातात!" असं ते रोज म्हणत. पण ज्या पिशव्यांतून ते कपडे यायचे, त्यांच्यावर मात्र मास्तरांचा भारी जीव. जाड, पाणी न शिरणाऱ्या, वर चिकटपट्टी. कपडा टाकाऊ पण पिशवी टिकाऊ, असं म्हणत त्यांनी गादीखाली पन्नासेक जमवल्या होत्या. प्राचार्यांचा कोट त्यातल्याच एका पिशवीत गेला आणि विसरायला नको म्हणून दाराजवळ ठेवला गेला.

आणि तो कोट म्हणजे साधासुधा कोट नव्हता. मास्तरांची गिऱ्हाइकं एकेक करून रेडिमेडला लागली होती. उरले होते एकटे प्राचार्य. गेली एकोणतीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाचा टाका अंगाला लावून घेतला नव्हता. परवाच मुलगा जेवताना म्हणाला होता, "बाबा, एका गिऱ्हाइकासाठी कशाला रोज दुकान उघडता? बास करा आता." तेव्हा मास्तर ताटावरून उठून गरजले होते, "ज्या दिवशी प्राचार्य रेडिमेड घालतील ना, त्या दिवशी मी माझ्या हाताने दुकानाला कुलूप लावीन!"

आज पाच वाजता प्राचार्यांचा निवृत्तीचा सत्कार होता. कोट आठवड्यापूर्वीच तयार होता, पण निरोपाची जेवणं खाऊन खाऊन प्राचार्यांचं पोट असं सुटलं की काल बटण लागेना. मास्तरांनी आज सकाळी शिवणी उसवून कोट ढिला केला. दुपारी प्राचार्यांचा फोन आला होता, "मास्तर, साडेचारपर्यंत कोट हॉलवर पोचवा. नाहीतर चिरंजीवांनी एक रेडिमेड जाकीट आणून ठेवलंय, नाइलाजाने तेच चढवावं लागेल."

मास्तर पायात चपला सरकवून धावत सुटले.

"बाबा! पँट तरी घाला!" सूनबाई जिन्यातून ओरडली.

पण मास्तरांची पँट इस्त्रीच्या टेबलावर एका पायावर इस्त्री होऊन पडली होती आणि शर्टाची पाळी अजून यायची होती. अंगात होतं बनियन. खाली होता मुलाने वाढदिवसाला दिलेला सहा खिशांचा बर्मुडा. "हा घालून मी उंबऱ्याबाहेर पडलो तर नाव सांगणार नाही," असं मास्तरांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. घरात मात्र ते गुपचूप तोच घालत. हवा खेळती राहायची आणि मोजपट्टी, खडू, सुया सगळं खिशांत मावायचं.

रस्त्यावर आल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी कपड्यांवरून बोल लावला होता. आता सगळे सूड उगवणार! ते भिंतीच्या कडेकडेने पळू लागले. समोरून बँकेतला रोखपाल आला, तोही झोपायच्या पायजम्यात. त्याने मास्तरांकडे पाहिलं आणि सरळ पुढे गेला. दुकानासमोरचा न्हावी रोज नमस्कार करायचा, त्याने तर "ओ काका, जरा बाजूला व्हा," म्हणून झाडू मारला. एकानेही त्यांना ओळखलं नाही. मास्तरांना हायसं वाटलं, आणि मग या हायसं वाटण्याचाच राग आला.

रिटर्नवाला स्कूटरवरून केव्हाच पुढे गेला होता, तो काही सापडला नाही. दोन घरी चौकशी करून, चार जिने चढून-उतरून, धापा टाकत मास्तर रिटर्नच्या गोदामात पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. रांगेत सात माणसं, प्रत्येकाच्या हातात अंगाला न झालेले कपडे. मास्तर काउंटरशी पोचेपर्यंत पावणेचार.

"बाई, माझा कोट चुकून आलाय."

काउंटरवरच्या बाईने पत्ता विचारून स्क्रीन पाहिला. "कोट नाहीये. गुलाबी लेगिंग आहे."

"अहो, लेगिंग घरी आहे! पिशवीत कोट आहे."

"पिशवीत काय पण असेल. सिस्टीममध्ये लेगिंग आहे."

"मग पिशवी उघडून बघा ना!"

बाईने पिशवी शोधली, फाडली. आतून लोकरीचा काळाभोर कोट निघाला. तिने स्क्रीनवरचा फोटो पाहिला, मग कोट पाहिला. "रंग जुळत नाही," ती म्हणाली. "साइझ पण जुळत नाही. हे रिजेक्ट होणार."

"झालं तर मग! द्या इकडे."

"असं कसं? रिजेक्ट माल आधी मोठ्या गोदामात जातो. पाच ते सात दिवसांत तुमच्या घरी येईल."

"माझं घर इथून पाच मिनिटांवर आहे हो!" मास्तरांचा आवाज फुटला. "साडेचारला हा कोट एका माणसाच्या अंगावर चढला नाही, तर माझं दुकान उद्यापासून बंद! मी शिवलाय तो, या हातांनी!"

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही टेलर? या अवतारात?"

हे मात्र वर्मी लागलं. मास्तर म्हणाले, "डावा आतला खिसा उलटा करा. तळाशी लाल दोऱ्याचा एकच टाका असेल. माझ्या प्रत्येक कोटात असतो. आणि तुमच्या या टी-शर्टाची खांद्यावरची शिवण उसवलीय. आणून द्या, एका टाक्याचं काम आहे."

बाईचा हात आधी स्वतःच्या खांद्याकडे गेला, मग खिशाकडे. लाल टाका होता. ती स्क्रीनकडे वळली.

"लेगिंग घरीच आहे ना? मग मी 'माल मिळालाच नाही' असं टाकते. खोटं तर नाही ते." तिने चार बटणं दाबली आणि आवाज खाली आणला. "पण काका, गेटवर वॉचमन आहे. हातात काहीही असलं की ओटीपी मागतो."

"ओटीपी सुनेच्या फोनवर आणि फोन घरी!"

"हातातलं तपासतो, म्हटलं मी," बाई सावकाश म्हणाली. "अंगावरचं कोणी तपासत नाही."

प्राचार्य म्हणजे मोठं धूड. मास्तर त्या कोटात पार बुडाले. बाह्या बोटांच्या खाली, कोट गुडघ्यापर्यंत आणि त्याखाली दोन बोटं बर्मुडा. वॉचमनने त्यांचे रिकामे हात पाहिले आणि गेट उघडलं.

घड्याळात चार दहा. घर उजवीकडे, हॉल डावीकडे. मास्तर डावीकडे पळाले. कोट हॉलवर नुसता काढून द्यायचा आणि मागच्या मागे पसार व्हायचं, असा त्यांनी बेत केला. चौकात आल्यावर त्यांना आठवलं की आत फक्त बनियन आहे.

हॉलच्या दारात ते उभे राहिले तेव्हा साडेचारला एक मिनिट कमी होतं. व्यासपीठाशेजारी प्राचार्य उभे होते. त्यांचा उजवा हात निळ्या रेडिमेड जाकिटाच्या बाहीत शिरला होता आणि डावा शिरायच्या बेतात होता.

"थांबा!" मास्तर ओरडले. "तो हात बाहेर काढा!"

अख्ख्या हॉलने वळून पाहिलं. मास्तर खुर्च्यांमधून चपला फटफटवत गेले आणि त्यांनी प्राचार्यांना धरून बाजूच्या खोलीत ओढलं. कोट उतरला, प्राचार्यांच्या अंगावर चढला. मास्तरांनी श्वास रोखून पोटावरचं बटण लावलं. लागलं!

"मास्तर, जिंकलात!" प्राचार्य आरशात बघत म्हणाले. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "पण तुम्ही असे बनियनवर? छे छे, पहिल्या रांगेत बसायचंय तुम्हाला." आणि नाही-नको म्हणायच्या आत त्यांनी ते निळं जाकीट मास्तरांच्या खांद्यावर चढवलं.

सबंध कार्यक्रमभर मास्तर पहिल्या रांगेत बसून मनात एकच म्हणत होते: प्राचार्यांनी रेडिमेड घातलं नाही. मी घातलं. शपथेत माझं नाव नव्हतं. शिवाय हे मेलं जाकीट हलकंही होतं, पण तो विचार त्यांनी तिथेच दाबून टाकला. आपल्याला इथे कोणी ओळखत नाही, एवढाच काय तो आधार.

तेवढ्यात प्राचार्य माईकवर म्हणाले, "आणि हा कोट शिवणारे माझे टेलरमास्तर, ते बघा, समोर बसलेत. उभे राहा, मास्तर!"

मास्तर उभे राहिले. निळं जाकीट, सहा खिसे, उघड्या पोटऱ्या. टाळ्या पडल्या, पण त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत.

कार्यक्रम संपताच ते दाराकडे सटकले. दारात प्राचार्यांचे चार विद्यार्थी वाट अडवून उभे होते. चौघांच्या पँटी गुडघ्यावर फाटलेल्या. आता टिंगल ऐकून घ्यायची, म्हणून मास्तरांनी मान खाली घातली.

"मास्तर," त्यातली एक मुलगी म्हणाली, "येताना तुम्ही तो मोठ्ठा कोट घातला होता ना, ढगळा? आत्ता बसल्या बसल्या ऑनलाइन खूप शोधला आम्ही, तसा कुठेच मिळत नाही. आम्हाला शिवून द्याल? चौघांना? आणि खाली अशीच अर्धी पँट, त्याच कापडाची."

मास्तरांचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत शिकलेलं सगळं त्यांच्या जिभेवर आलं: माप, फिटिंग, घडी, रीतभात. ते तोंड उघडणार तोच त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानाचं कुलूप आलं.

त्यांनी तोंड मिटलं. बर्मुड्याच्या चौथ्या खिशात हात घालून मोजपट्टी काढली आणि चष्मा वर सारला.

"गुडघ्याच्या वर हवी की खाली?" मास्तरांनी विचारलं.