सेहेचाळीस भांड्यांचे सेहेचाळीस मालक

बेलिफाच्या हातावर तुरी द्यायची एक नामी युक्ती मला ठाऊक आहे. एकदम पक्की आणि स्वस्त! चौऱ्याहत्तर साली पाटणात मी ती स्वतः वापरली आणि ती शंभर टक्के यशस्वी झाली. यशस्वी झाल्यावर माझं काय झालं तेही सांगतो, पण ओळीनं सांगतो. मी हिशोबी माणूस आहे. बेरजेआधी उत्तर सांगायची मला सवय नाही.

पाटणात माझं दुकान होतं. 'मधुकर भांडी भांडार. लग्नकार्यास भांडी भाड्याने मिळतील.' पाटी तर अशी झकास, निळ्यावर पिवळी अक्षरं, की एसटीतले उतारू खिडकीतून मान काढून वाचायचे. आत मोठी भांडी सेहेचाळीस. पातेली, पराती, हंडे, आणि या सगळ्यांचा आजोबा शोभेल अशी एक काहील. सगळा माल सांगलीच्या नाथाजीशेठकडून उधारीवर उचललेला. 'दोन लग्नसराया गेल्या की फिटली उधारी!' असं मी त्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

आणि पडला की हो बहात्तरचा दुष्काळ! लोकांनी लग्नं पुढं ढकलली. ज्यांची ढकलता येईनात त्यांच्या पाहुण्यांवर सरकारनं दुष्काळापुरती मर्यादा घातली. मोजक्या माणसांच्या लग्नाला दोनशे पानांचं पातेलं कोण नेतो? माझ्या भांड्यांत त्या दोन वर्षांत कोळ्यांनी संसार थाटले. नाथाजीशेठनं आधी गोड पत्रं लिहिली, मग आंबट, मग वकिलाकडून लिहवली. शेवटी कोर्टानं हप्ते बांधून दिले. पहिला हप्ता तीनशे रुपयांचा, येत्या एक तारखेला. चुकला की जप्ती. भांडी गेली की धंदा गेला, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. त्या दिवशी गल्ल्यात चार रुपये होते. त्यातला एक फाटका.

तर सोमवारी सकाळी दुकानाच्या दिशेनं बेलीफ जोतीराम येताना दिसला. खाकी डगला, काखेत छत्री. मी काय केलं असेल? दोनशे पानांचं पातेलं पालथं होतं. ते उचललं आणि खाली जाऊन बसलो.

"वैनी, मालक हायत का?"

"कराडला गेलेत," प्रमोदिनी म्हणाली. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अशा वेळी तिला काही शिकवावं लागत नसे.

"कवा येनार?"

"त्यांचं काय सांगावं!" हे मात्र तिनं जरा जास्तच मनापासून म्हटलं.

जोतीरामनं माझ्या पातेल्यावर टकटक केलं. माझ्या कानात देवळातली घंटा वाजली. "ह्ये केवढ्याचं वो, वैनी?"

"दोनशे पानांच्या आमटीचं."

"आत काय हाय?"

"आत? काही नाही! काही म्हणजे काहीच नाही."

"ब्येस. आता ऐका. गुरवारी सकाळी गाडी घिऊन येतो. समदीच भांडी लागनार. भाईर काढून ठिवा, मोजून न्हेतो." यावर बहुधा प्रमोदिनीनं डोळ्याला पदर लावला असावा, कारण जोतीरामचा आवाज एकदम मऊ झाला. "आता डोळ्यांत पानी कशाला, वैनी? आमच्या घरात बी चार दिस झालं, समद्या बायका रडत्यात. चालायचंच. पैशाचं मालकांशी तोंडावर बोलीन. काळजी करू नगा, तुमचं बी ओझं हलकं हुईल."

तो गेला. मी पातेल्याबाहेर आलो तेव्हा माझा चेहरा लाल आणि डोकं गार झालं होतं. "ऐकलंस? एक तारखेआधीच जप्ती! ओझं हलकं करतोय लेकाचा!"

"पण त्यांच्या घरातल्या बायका का रडतायत हो?" प्रमोदिनीनं विचारलं.

"कनवाळू असतील! मला मध्येच प्रश्न विचारू नकोस. युक्ती येतेय."

आली! जप्ती होते ती कर्जदाराच्या मालावर. दुसऱ्याच्या वस्तूला बेलीफ हात लावू शकत नाही. आणि भांडं कुणाचं, हे आपल्याकडं कशावरून ठरतं? पावतीवरून? छट्! भांड्यावर ज्याचं नाव, त्याचं भांडं. आपल्या चमच्यावरसुद्धा आत्यानं नाव घातलेलं असतं. मग माझ्या सेहेचाळीस भांड्यांवर सेहेचाळीस परकी नावं घातली, तर बेलीफ नेणार काय? कपाळ?

भांड्यांवर नावं घालणारा केरबा बाजारात छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा. त्याला बोलावला. "अक्षराला धा पैसं," केरबा म्हणाला. "जोडाक्षराला वीस."

"उधार."

"तुमास्नी उधार?" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्याच्या छिन्नीला चावलो होतो. पण गिऱ्हाईक सेहेचाळीस भांड्यांचं होतं. बसला.

आता नावं कुणाची? इथं माझा माणसं जोखायचा अनुभव कामी आला. प्रमोदिनी म्हणाली, "माझ्या भावाचं घाला."

"तुझ्या भावानं गेल्या दिवाळीत माझी छत्री नेली. पातेलं परत देईल?"

मी भिडस्त माणसं निवडली. कधी कुणाची वस्तू न मागणारी. शिवाय नाव लहान हवं आणि जोडाक्षर नको. या चाळणीतून पाटणातली निम्मी बडी मंडळी गळाली. शेजारच्या धोंडुबाई पास झाल्या. लालासाहेब सुभेदार तर पहिल्या नंबरानं पास. तो काश्मीरच्या सरहद्दीवर, तो परात मागायला कशाला येतोय?

केरबा दुकानासमोरच्या लिंबाखाली बसून दोन दिवस ठोकत होता. पण त्याला एक खोड होती. प्रत्येक अक्षर ठोकताना तो ते मोठ्यांदा म्हणायचा. "धों...! डु...! बा...! ई...!" मी म्हटलं, हळू! तो म्हणाला, "हळू म्हनलं तर चुकतंय. चुकलेलं अक्षर खोडायचं धा पैसं."

बुधवारी दुपारी तो काहिलीपाशी पोहोचला. मी आत हिशोब करत होतो, बाहेर आलो तर काहिलीवर मोठ्या ठळक अक्षरांत 'केरबा'!

"हे रे काय?"

"परकं नाव पायजे हुतं नव्हं? म्या काय तुमचा सोयरा न्हाई. तीन अक्षरं हायत, मालक. फुकट घातली!"

फुकट म्हटल्यावर मी वहीत काहिलीपुढं शून्य मांडलं.

एवढ्यात धोंडुबाई आल्या. हातात चुंबळ. "मदूभाऊ, माझं नाव हाक मारल्यावानी सकाळधरनं ऐकू येतंया. ह्ये पातेलं माझं हाय व्हय?"

मी सांगणार होतो, पण समोरच्या हॉटेलात कोर्टाचा कारकून बशीत चहा ओतून फुंकत बसला होता. त्याचे कान आमच्याकडं. भर रस्त्यात 'भांडं माझंच आहे' म्हणालो असतो तर माझ्या हातानं माझी जप्ती झाली असती!

"तुमचंच की, धोंडुबाई!" मी ओरडलो. "पूर्वीपासून तुमचंच!"

"मला बाई आटवत न्हाई. पर नाव माझंच हाय. एवढी वर्सं सांभाळलंसा, देव तुमचं भलं करो." आणि चुंबळीवर पातेलं ठेवून त्या चालायला लागल्या.

त्या पातेल्यानं जाता जाता सगळ्या पेठेत जाहिरात केली. अर्ध्या तासात दुकानासमोर रांग! ज्यांची नावं होती ते हसत आले आणि भांडी घेऊन गेले. कारकुनानं दुसरा चहा मागवला. मी प्रत्येकाला मोठ्यांदा सांगत होतो, "तुमचंच! न्या की!" भिडस्त माणसं फुकट मिळालेल्या वस्तूच्या बाबतीत भिडस्त नसतात, हे त्या दिवशी मला नव्यानं कळलं.

मग पेठेतल्या तोंडाळ रंगुबाई आल्या. त्यांचं नाव मी मुद्दाम टाळलं होतं. "धोंडीचं नाव घातलंस, आन माजं न्हाई? मी काय मेले व्हय रं?"

"तसं नाही, रंगुबाई..."

"मग कसं? घाल नाव! आन धोंडीच्या पातेल्यापरास मोठं पायजे!"

एकच हंडा बिननावाचा उरला होता. केरबानं तो पुढं ओढला. "रं...! गु...!"

आणि शेवटी बूट वाजवत कोण यावा? लालासाहेब सुभेदार! सरहद्दीवरून, महिन्याच्या रजेवर, त्याच दिवशी! त्यानं परातीवरचं आपलं नाव वाचलं, टाचा जुळवल्या आणि मला सलाम ठोकला. "गड्या, आमी तिकडं बर्फात उभं असतोय, आन गावाला आमची आठवन हाय! असा सत्कार आजवर कुनी केला न्हाई." त्याचे डोळे भरले. माझेही भरले. परात नवीकोरी होती.

संध्याकाळी केरबानं काहील डोक्यावर पालथी घातली आणि निघाला. मागून पाहिलं तर काहीलच दोन पायांनी चालल्यासारखी दिसत होती. दुकानात एक झारा राहिला. त्याला इतकी भोकं होती की नावाला जागाच नव्हती.

"झालं तुमचं?" प्रमोदिनीनं विचारलं.

"भांडी कुठं जात नाहीत. जप्ती टळली की एकेक परत आणू."

गुरुवारी सकाळी जोतीराम बैलगाडी घेऊन आला. मी दारात हाताची घडी घालून उभा. "या, बेलीफसाहेब! करा जप्ती! काय मिळतंय ते न्या!"

जोतीराम रिकाम्या दुकानाकडं बघतच राहिला. "जप्ती? कसली जप्ती? आवं, शनवारी माझ्या पोरीचं लगीन हाय! पाचशे पान उठनार. भांडी कुटं गेली?"

माझ्या हाताची घडी आपोआप सुटली.

"आवं, तुमचा एक तारखेचा हप्ता मला म्हाईत न्हाई व्हय? म्हनलं, भांडी न्यायचीच हायत तर तुमचीच न्हेऊ. भाड्याचं तीनशे तुमच्या हातात पडलं, तर हप्ता भागंल, आन मला तुमच्या दारात वंगाळ कामाला याया लागनार न्हाई. वैनीस्नी सांगून गेलो हुतो की!"

प्रमोदिनी माझ्याकडं बघत होती. मग तिनं उरलेला झारा उचलून माझ्या हातात दिला.

"भांडी... कल्हईला दिलीत," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत हजर करतो!"

आणि मी माझीच भांडी मागत पेठेतून फिरायला लागलो.

"देईन की," रंगुबाई म्हणाल्या. "भाडं काय देनार?"

"भाडं? माझ्याच..." आणि मी जीभ चावली. काल त्या कारकुनासमोर मीच ओरडून ओरडून सांगितलं होतं!

"तू कुनाला फुकट देत हुतास का रं? पाच रुपयं हंड्याचं. आन माझा हंडा एकला जानार न्हाई. मी संगं येनार. पोचा आला तर कोन बघनार?"

त्यांच्या तोंडून पाच रुपयांचा दर गावभर झाला. धोंडुबाईंनी आणि सुभेदारानं पैसे घेतले नाहीत, एवढीच काय ती माणुसकी. केरबा काहिलीचे पंचवीस म्हणाला. मी म्हटलं, "अरे, नाव फुकट घातलंस ना?" तो म्हणाला, "नाव फुकट, मालक. काहील न्हवं."

लग्न थाटात झालं. बैलगाडीत मालक मावेनात, म्हणून सेहेचाळीस भांडी ट्रकनं गेली आणि बरोबर सेहेचाळीस मालकही गेले. प्रत्येक जण आपापल्या भांड्याशेजारी बसून जेवला. रंगुबाई तर आपल्या हंड्यातलं पाणी सोडून दुसरं प्यायल्या नाहीत. वरबाप जोतीरामला विचारत होता, "ही मंडळी कोनाकडची?" जोतीराम माझ्याकडं बोट दाखवत होता. सुभेदारानं परातीसकट फोटो काढून घेतला.

रविवारी मी वही उघडली. जमा, तीनशे. खर्च, त्रेचाळीस मालकांना पाच-पाच रुपये, दोनशे पंधरा. काहील, पंचवीस. ट्रक, तीस. केरबाची अक्षरं, साडेएकवीस. शिल्लक, साडेआठ रुपये. तीन वेळा बेरीज केली. तीनही वेळा साडेआठच!

भांडी परत आणायला गेलो, तर लोक म्हणाले, "आता कशाला? एका लग्नात पाच रुपये मिळाले!" पण दोनशे पानांचं पातेलं घरात ठेवणार कुठं? धोंडुबाईंच्या पातेल्यात कोंबडीनं अंडी घातली होती. तेव्हा सगळ्यांनी एकमतानं आपापली भांडी एका विश्वासू माणसाकडं ठेवली, भाड्यानं द्यायला, निम्म्या वाट्यावर. म्हणजे केरबाकडं. कुणाचं काय, हे त्यालाच पाठ होतं ना!

एक तारीख गेली. दोन तारखेला जोतीराम आला, या वेळी खराखुरा. खाली मान घालून. "मालक, तुमच्या मालकीचं काय हाय सांगा. घरातली सैपाकाची भांडी मला घेता येत न्हाईत."

सगळं दुकान शोधलं. माझ्या नावाची एकच वस्तू सापडली. निळ्यावर पिवळी अक्षरं. जोतीरामनं पाटी उतरवली, आणि मी खालून शिडी धरली.

लिलावाला नाथाजीशेठ स्वतः सांगलीहून आले. एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट त्यांना पाटीपेक्षा महाग पडलं. बोली एकच लागली, अकरा रुपये. शेठनी माझ्याकडं, मग माझ्या रिकाम्या दुकानाकडं बघितलं आणि हात जोडले. "मधुकरराव, महिना वीस वीस द्या. पण कोर्टाचं नाव काढू नका!" म्हणजे बघा, जप्तीला माझं एकही भांडं लागलं नाही. युक्ती शंभर टक्के यशस्वी!

ते वीस रुपये मी केरबाकडच्या पगारातून देतो. पाटी त्यानंच घेतली. भांड्यांचे दर आणि पंगतीचा हिशोब मलाच येत असल्यामुळं त्यानं मला ठेवून घेतलं. पाटीवरचं 'मधुकर' खोडायला रंगारी अक्षराला आठ आणे मागत होता. चार अक्षरांचे दोन रुपये केरबाच्या जिवावर आले, म्हणून ते तसंच आहे.

ज्याचं नाव त्याची वस्तू, या माझ्याच कायद्यानं दुकान अजून माझंच ठरतं. परवा मी केरबाला तसं म्हणूनही पाहिलं.

"व्हय मालक, तुमचंच की!" तो म्हणाला. "आता तेवढ्या पराती घासून ठिवा."