फुलामागचं बदक

आमच्या शाळेत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात एक बदक असे. मुलांनी ओळीओळीने आज्ञा लिहायच्या आणि बदकाला तळ्याला वळसा घालून घरी पोचवायचं. आज्ञा चुकली की बदक तळ्यात बुडे आणि लाल अक्षरं येत: "चौथ्या ओळीत चूक आहे." बदक बुडतं कसं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

माझ्या मुलीला एका तासात अकरा वेळा लाल अक्षरं दिसली. ती रडली वगैरे नाही. बारावा प्रयत्न करायच्या आत घंटा झाली म्हणून हिरमुसली. पण बापाचं काळीज ते! पालक समितीचा अध्यक्ष या नात्याने मी तातडीची बैठक बोलावली.

"सातवीतल्या मुलीला तोंडावर 'चूक' म्हणायचं? हे कुठलं शिक्षण?" मी कडाडलो.

"अहो, चूक कुठे झाली ते तिला कळायला नको का?" संगणकाच्या बाई म्हणाल्या.

बाई जुन्या वळणाच्या आहेत अशी नोंद करून आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. पहिल्या ठरावाने लाल अक्षरं गुलाबी झाली. दुसऱ्याने 'चूक' जाऊन 'वेगळा विचार' आला. तरी काही मुलांचे वेगळे विचार इतरांपेक्षा जास्त भरू लागले, म्हणून तिसरा ठराव करावा लागला. आता मुलांनी काहीही लिहिलं, तरी पडदाभर हिरवं फूल उमले: "शाब्बास! बदक घरी पोचलं." निकाल शंभर टक्के लागला. फाटकावर फलक झळकला, त्यात माझाही फोटो होता.

"बाबा, फुलामागे बदक बुडतंय," मुलगी म्हणाली.

"तू फूल बघ ना, किती छान आहे!"

तिला फूल नको होतं, बदक घरी न्यायचं होतं. बाईंनी अडगळीच्या खोलीत एक जुना संगणक झाकून ठेवला होता. त्यावर अजून लाल अक्षरं येत. शाळा सुटली की दोघी तिथे बसत. तपासणीत हे उघडकीला आलं. मुलीच्या नावावर सत्तेचाळीस चुका निघाल्या, उरलेल्या सगळ्या शाळेत मिळून एकही नाही. नियम म्हणजे नियम. तिचं प्रोग्रॅमिंगचं प्रमाणपत्र रोखलं आणि बाईंना ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. दोन्ही कागदांवर सही माझीच.

"बाबा, पण माझं बदक खरंच घरी पोचलं. एकदा बघा तरी!"

मी बघितलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं, पण अध्यक्षाला असं वाटून चालत नाही.

त्याला बारा वर्षं झाली. ती शंभर टक्केवाली मुलं आता मोठमोठ्या कार्यालयांची सॉफ्टवेअर लिहितात. माझ्या मुलीला मात्र जिथे जाईल तिथे ते प्रमाणपत्र मागतात. शेवटी गेल्या महिन्यात मीच त्यासाठी ऑनलाइन अर्ज भरला. पडदाभर हिरवं फूल उमललं: "शाब्बास! अर्ज पोचला." काल संबंधित कार्यालयात चौकशीला गेलो.

"असा अर्ज आलेलाच नाही," कारकून म्हणाला.

"अहो, फूल आलं होतं!"

"फूल सगळ्यांनाच येतं, काका."

हसताय? हसा. परवा तुम्हीही कसलासा अर्ज भरलात, हिरवं काहीतरी उमललं, आणि तुम्ही निश्चिंत मनाने चहा टाकायला गेलात. फुलामागे काय बुडालं, ते बघितलंत?