सुदामभाऊंचा काळोख

आमच्या कॉलनीत संध्याकाळी सातला दाराची बेल वाजली, की बायको स्वयंपाकघरातूनच म्हणते, "बघा, आज कुठला बल्ब खुपतोय त्यांना." दारात सुदामभाऊ उभे असतात. "सर, तेवढा पोर्चमधला घालवता का? उगी लोड हाय." हा माणूस आयुष्यभर वीज खात्यात वायरमन होता. कळंबपासून निरगुडसरपर्यंत कितीतरी वस्त्यांवर पहिला दिवा यांनी लावला. निवृत्त झाल्यावर आकाश बघायचं वेड लागलं आणि यांनाच उजेडाचा तिटकारा आला.

आमची भिंतीला भिंत. भाऊंचं बोलणं मात्र अजून खांबावरूनच चालतं. मला रक्तदाब निघाला तेव्हा म्हणाले, "सर, तुमचं व्होल्टेज वाढलंय, मीठ तोडा." कुणी नव्या गाडीचा तोरा मिरवला, की "त्याला अर्थिंग नाय राव" हा शेरा ठरलेला. एकट्या इंदूवहिनींपुढे, म्हणजे स्वतःच्या बायकोपुढे, त्यांचं काही चालत नाही. वहिनींनी "अवो" म्हटलं की भाऊंचा मेन स्विच पडतो.

ऑक्टोबरात मोबाईलवर बातमी आली, की सूर्य मावळल्यावर पश्चिमेला धूमकेतू दिसणार. झालं! जावयानं टाकून दिलेला कॅमेरा भाऊंनी मागवून घेतला, गच्चीवर शिडी उभी केली आणि तिच्या वरच्या पायरीला तो बाइंडिंग वायरनं आवळला. असा आवळला, की वादळात गच्ची उडाली असती, कॅमेरा हलला नसता. "रोज वर चढतोय आन् रोज फिका पडतोय," ते मला म्हणाले. "आठ दिवसांत फोटू आला तर आला. न्हाईतर गेलाच की." नेहमी थट्टा करणारा हा माणूस त्या दिवशी थट्टा करत नव्हता. मला जरा नवल वाटलं.

अडचण होती बिबट्याची. कॉलनीच्या मागे ऊस, उसात बिबट्या, आणि त्याच्या धाकानं प्रत्येकानं मागच्या भिंतीवर फ्लडलाइट ठोकलेला. पश्चिम नेमकी तिकडेच. चार दिवस भाऊंच्या फोटोत नुसता पिवळा धूर आला. पाचव्या दिवशी ते शिडीवर वाकून, उसाच्या शेंड्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्याला डोळा लावून, अर्धा तास हलले नाहीत. खालून कुणीतरी ओरडलं, "वायरमनला दिसलाय!" पाच मिनिटांत अख्खी कॉलनी थाळ्या वाजवत बाहेर. एकानं ट्रॅक्टर आणून त्याचे हेडलाइट उसावर लावले. कुणी सुतळी बॉम्ब फोडले. भाऊ वरून हात जोडत होते, पण त्या दणदणाटात कुणाला काय ऐकू येणार? वर पुन्हा दोघंतिघं त्यांची पाठ थोपटून गेले, वेळेवर सावध केलंत म्हणून. मी हसून हसून बेजार झालो, आणि नंतर त्यांचं तोंड पाहून मलाच लाज वाटली.

सहाव्या दिवशी ढग होते. मी म्हणालो, "भाऊ, कॉलनीच्या विजेची डीपी तुमच्या ओळखीची आहे. उद्या पाच मिनिटं फ्यूज काढा की. कोण विचारतंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली समई पळवायला सांगितली.

"सर, लोकांची लाईट आनन्यात जल्म गेला. आता चोरून घालवू व्हय?"

त्याच संध्याकाळी ते दारोदार निघाले. उद्या सव्वासातला दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं. मीही मागे मागे फिरलो. बाकीचे हो-ना करत तयार झाले, पण उसाला लागून गोठा असलेले बबनराव अडून बसले. त्यांचाच दिवा सगळ्यांत मोठा.

"आन् तेवढ्यात त्यो आला तर? माजी कालवड तुमचा धूमकेतू राखनार का?"

"मी राखतो," भाऊ म्हणाले. "काठी घिऊन गोठ्याच्या दारात बसतो. फोटू सर काढतील."

"भाऊ, मग तुम्हाला दिसणार कसा?" मी विचारलं.

"मला कशाला दिसाया पायजे?" ते म्हणाले, आणि मला कॅमेऱ्याचं बटण शिकवायला लागले.

सातव्या दिवशी सव्वासातला कॉलनी काळी झाली. तिकडे गोठ्यात भाऊ कालवडीशी मोठमोठ्यानं बोलत बसले होते, बिबट्यानं ऐकावं म्हणून. मी गच्चीवर, भाऊंनी सांगितल्याप्रमाणे शिडी फिरवून कॅमेरा शुक्राच्या वर रोखला आणि बटण दाबत राहिलो. नुसत्या डोळ्यांना मला काही दिसलं नाही, खोटं कशाला सांगू? पण पाचव्या फोटोत एक पुसट पांढरी रेघ आली, फळ्यावरचा खडू बोटानं ओढावा तशी.

दिवे लागले. भाऊ धावत आले, कॅमेऱ्यात क्षणभर डोकावले, वायर सोडून तो काढला आणि तसेच खाली, दारातल्या पायरीवर बसलेल्या वहिनींकडे गेले. साखरेमुळे वहिनींची नजर अधू झालीय, हातभर अंतरापलीकडचं त्यांना दिसत नाही. हे मला ठाऊक होतं, पण या सगळ्या खटपटीशी त्याची सांगड मी घातली नव्हती.

वहिनींनी कॅमेरा नाकाला टेकवून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"शेपूट हाय की वो," त्या म्हणाल्या. "पन बारका हाय ह्यो. आपलं लग्न झालं त्या साली आल्ता, त्यो केवढा व्हता! रोज सांजच्याला तुमाला बघाया बोलवायचे मी."

भाऊ माझ्याकडं वळले. "वळवाच्या वाऱ्यानं खांब पडलं व्हतं सर, त्ये उभं करन्यात रात व्हायची. रोज म्हनायचो, उद्या बघू. हिनं एकलीनंच बघितला."

मग ते वहिनींच्या शेजारी पायरीवर बसले. "आता सांग. कसा व्हता त्यो?"

"आता काय सांगू? येवढी वर्सं झाली."

"सांग की."

"त्याला दोन शेपट्या व्हत्या," वहिनी म्हणाल्या. "एक पांढरी. दुसरी जराशी निळी."

भाऊंनी डोळे मिटून घेतले.

"सावकाश सांग," ते म्हणाले.